गल्ल्याखालचे कागद

वारंगा फाटा कळमनुरी तालुक्यात आहे. नांदेडहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक फाटा हिंगोली-वाशिम करत अकोल्याकडे जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. ट्रॅव्हल्स, मालट्रक, लग्नाची वऱ्हाडं, शेगावला निघालेली कुटुंबं इथे थांबतात ती खिचडीसाठी. वाफाळलेली पिवळी खिचडी, बाजूला तळलेली मिरची, आणि दहा मिनिटांत माणूस बाकावरून उठतो. त्या ताटलीला लागू होणारे कायदे मोजत बसलं तर खिचडी गार होईल. अन्नसुरक्षा कायदा आहे, दुकाने व आस्थापना कायदा आहे, बालकामगार कायदा, जीएसटी, वजनमापं, गॅसचा आदेश, दारूबंदी कायदा, जमीन महसूल संहिता. आणि हॉटेल ज्या रस्त्याकडेला आहे त्या रस्त्याचा कायदा वेगळाच.

या कायद्यांबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं सहसा एकमेकांचं ऐकून घेत नाहीत. म्हणून त्यांना इथे एकाच बाकावर बसवलं आहे. मामा फाट्याच्या अलीकडे, कळमनुरीच्या बाजूला, बरीच वर्षं हॉटेल चालवतात. भाची हिंगोलीच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. ही दोघं मी उभी केलेली माणसं आहेत. त्यांच्या बोलण्यातले निकाल, कलमं आणि त्यांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

मामा : तू मला एक सांग लेकी. खिचडीला तांदूळ, डाळ, हळद अन् चूल लागते. सरकारला त्याच्यासाठी नऊ खाती कामून लागतात?

भाची : खाणारा अनोळखी असतो म्हणून. गावातल्या माणसाला तुम्ही शिळं दिलंत तर तो उद्या दारात येऊन बोलेल. नागपूरचा प्रवासी पुसदच्या पुढं जाऊन उलट्या करील, त्याला तुमचं नावही आठवणार नाही. त्याच्या वतीनं कोणीतरी विचारायला पाहिजे ना?

मामा : विचारावं की. पण परवा रात्री साडेअकराला शिट्टी वाजली, शटर खाली घे म्हणे. दोन ट्रॅव्हल्स उभ्या होत्या. अर्ध्या लोकांच्या ताटल्या भरलेल्या. हे त्या प्रवाशाच्या वतीनं चाललं होतं का?

भाची : तुमच्याकडं दारूचं लायसन नाही ना? मग शटर खाली घ्यायचं कारणच नव्हतं. २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्या कायद्यानं धंदा चोवीस तास उघडा ठेवता येतो. वेळेचं बंधन परमिट रूम, बिअर बार, वाइन शॉप असल्यांना. तरी ठिकठिकाणी रात्री दुकानं बंद करायला लावतात अशा तक्रारी गेल्या, म्हणून १ ऑक्टोबर २०२५ ला शासनानं पुन्हा कागद काढून तेच स्पष्ट केलं. अट इतकीच की कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी मिळाली पाहिजे.

मामा : शासनानं कागद काढला. शिट्टी वाजवणाऱ्यानं तो वाचला का?

भाची : छापून गल्ल्यामागं लावा. आला की बोट दाखवा.

मामा : बोट दाखवलं की तो मान हलवील, अन् दुसऱ्या दिवशी विचारील, रस्त्यावर गाड्या कामून उभ्या आहेत? मागं कोणती टाकी लावलीस? रस्त्यावर धंदा करणाराला एका कागदावर भांडता येत नाही बाई.

मामांचं हे म्हणणं कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही, पण त्यात तथ्य आहे. नऊपैकी आठ कायदे पाळणारा हॉटेलवालासुद्धा नवव्याच्या भीतीनं आठांनी दिलेला हक्क मागत नाही. छोट्या धंद्यावर कायदा चालतो तो बऱ्याचदा असा. शिक्षा होतेच असं नाही. भीती पुरते.

भाची : टाकीचं तुम्हीच काढलंत म्हणून विचारते. मागं लाल टाकी आहे.

मामा : निळी संपली होती.

भाची : निळी एकोणीस किलोची, धंद्याची. लाल १४.२ किलोची, घरातली. ती हॉटेलात लावली की २००० सालच्या गॅस आदेशाचा भंग, आणि गुन्हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली. ‘निळी संपली होती’ ही सबब कोर्टात चालत नाही.

मामा : घरीबी चालत नाही. तुझी मामी दोन दिवस झाले काड्यांवर स्वयंपाक करायली.

इथे दोघं हसले. पुढचा विषय हसण्यासारखा नव्हता.

मामा : माझ्या शेजारच्याचं परमिट रूम होतं, तुला आठवत असेल. सगळे कागद चोख. दरसाल फी भरायचा. १ एप्रिल २०१७ ला कुलूप लागलं. त्यानं काय चुकवलं होतं?

भाची : त्यानं काही चुकवलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता, १५ डिसेंबर २०१६ चा. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको. चंदीगडच्या हरमन सिद्धू यांनी यासाठी कोर्टात लढा दिला होता. ते स्वतः रस्ते अपघातात जन्मभराचे जायबंदी झालेले. मामा, रस्त्यावर दारूनं माणसं मरतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

मामा : पाहिलंय. त्या निकालाला माझा विरोध नाही. पण पुढं काय झालं ते सांग ना.

भाची : पुढं… अंमल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, ३१ मार्च २०१७ ला, कोर्टानं खुलासा केला की नुसती दुकानं नाहीत, बार आणि हॉटेलंही यात आली. वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांना अंतर पाचशेवरून दोनशे वीस मीटरवर आणलं. मग ११ जुलै २०१७ ला, चंदीगडच्याच प्रकरणात, सांगितलं की नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी नाही. आणि २३ फेब्रुवारी २०१८ ला ग्रामपंचायतींच्या हद्दीतला निर्णय राज्य सरकारांवर सोडला.

मामा : म्हणजे हिंगोली नगरपालिकेच्या हद्दीत रस्त्याला खेटून पिलेला ड्रायव्हर सरळ गाडी चालवतो, अन् ग्रामपंचायतीच्या हद्दीत पिलेला तेवढा झिंगतो?

भाची : कोर्टाचं म्हणणं असं, की बंदीचा हेतू दोन शहरांमधल्या वेगाच्या रस्त्यापुरता होता, शहरातल्या रस्त्यांपुरता नव्हता.

मामा : हे तुला पटलं?

भाची : पूर्ण नाही.

मामा : एप्रिल सतरा ते फेब्रुवारी अठरा, अकरा महिने. जागेचं भाडं चालू, पोरांचा पगार चालू, धंदा बंद. शहरातल्यांना जुलैतच मोकळीक. माझा शेजारी निकाल बदलायच्या आधीच संपला. आता तिथं टायरचं दुकान आहे.

भाची : हेतूत खोट नव्हती, अंमलात होती. सवा वर्षात एकाच नियमाचे इतके खुलासे निघाले की कोणत्या तारखेला कोण कायद्यात बसतो आणि कोण बाहेर, हे आम्हा वकिलांना कागद समोर ठेवून सांगावं लागायचं. पण मी एक विचारते. त्याचं परमिट रूम बंद झालं तेव्हा त्याचं गिऱ्हाईक कुठं गेलं?

मामा गप्प.

भाची : तुमच्याकडं आलं.

मामा : मी दारू विकत नाही. गिऱ्हाईक गाडीतून क्वार्टर आणतं. मी ग्लास, पाणी अन् शेंगदाणे देतो फक्त.

भाची : ते ‘फक्त’ महागाचं आहे. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ६८ विकणाऱ्यापुरतं नाही. बिनपरवाना जागा पिण्यासाठी चालवणारा, वापरू देणारा त्यात येतो. बाटली कोणाची हे कोणी विचारत नाही. तिथं बसून पिणाऱ्याला कलम ८४. राज्य उत्पादन शुल्कवाल्यांनी ढाब्यावर धाड टाकली की मालक एका कलमात, गिऱ्हाइकं दुसऱ्या कलमात. पंचनाम्यात शेंगदाण्याची प्लेटसुद्धा लिहितात.

मामा : गिऱ्हाइकाला ‘इथं पिऊ नको’ म्हणलं तर ते पुढच्या ढाब्यावर जाऊन जेवतं. दारूवर माझा एक रुपया नाही, पण जेवणाची चार ताटं जातात. अन् कायद्याचं नाव दारूबंदी, तिजोरी भरायची दारूवर. ही कुठली बंदी?

भाची : यात तुमचा मुद्दा आहे. २०२३ मध्ये परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट पाचावरून दहा टक्के झाला, २०२५ मध्ये परवाना फी वाढली, उत्पादन शुल्क वाढलं. १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या हॉटेलवाल्यांनी बार बंद ठेवून निषेध केला. परवानेवाल्याकडं बसणं जितकं महाग होईल तितकं गिऱ्हाईक बाटली घेऊन तुमच्या शेंगदाण्यांकडं सरकणार. सरकार एका हातानं कर वाढवतं आणि दुसऱ्या हातानं कलम ६८ लावतं. तरी सांगते, धाड पडली तर हा युक्तिवाद मला कोर्टात वापरता येणार नाही.

या एका मुद्द्यावर मी भाचीपेक्षा कडक आहे. फाट्यावर जेवायला उतरणाऱ्या बाईमाणसाला शेजारच्या बाकावर बाटली उघडी दिसली की ती गाडीत जाऊन बसते. त्या गेलेल्या गिऱ्हाइकाचा हिशेब कोणताही ढाबेवाला मांडत नाही.

भाची : आणि हा बारक्या कोण?

मामा : सेनगावकडचा आहे. आई-बाप ऊसतोडीला गेलेत. आजीजवळ राहत होता, आजी वारली. इथं दोन वेळचं खातो, रात्री मामीजवळ झोपतो.

भाची : वय?

मामा : असेल की बारा-तेरा.

भाची : १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, सगळीकडं चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं ती बंदी सगळ्याच धंद्यांना लावली. सहा महिने ते दोन वर्षं कैद, नाहीतर वीस ते पन्नास हजार दंड, नाहीतर दोन्ही.

मामा : कामावर ठेवलंय कुठं? घरच्यासारखा आहे. घरच्या पोरानं हात लावला तर चालतो ना कायद्याला?

भाची : शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, घरच्या धंद्यात, तेही धोक्याचं काम नसेल तर चालतं. आणि ‘घर’ म्हणजे काय तेही कायद्यात लिहिलंय. आई-बाप, भाऊ-बहीण, काका-आत्या, मामा-मावशी.

मामा : मग झालं तर. तो मला मामाच म्हणतो.

भाची : ट्रकवालेही तुम्हाला मामाच म्हणतात. तो सकाळी दहा वाजता इथं ताटल्या विसळत होता. शाळेची वेळ आहे ती.

मामा : अन् मी त्याला हाकलून दिला तर तो कुठं जाईल? फडावर. तिथं कोयता हातात येईल. तुझ्या कायद्यानं त्याच्या पोटाला काय दिलं?

भाची : पोटाला द्यायचं काम या कायद्याचं नाही, पण ते करणारी बालकल्याण समिती जिल्ह्यात आहे. ठेवा ना त्याला. जेवू घाला, मामीजवळ झोपू द्या आणि सकाळी शाळेत पाठवा. ताटल्या विसळायला मोठा माणूस पगारावर घ्या. तो पगार वाचतोय म्हणून बारक्या इथं आहे, मामा. हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मामांनी बारक्याला हाक मारून आत पाठवलं आणि विषय बदलला. मला हा वाद बरोबरीचा वाटत नाही. बाकी सगळ्या कायद्यांबद्दल मामांच्या तक्रारीत कुठे ना कुठे दम आहे. इथे नाही.

मामा : तुझे कायदे मला लागतात तसे मोठ्यांना लागतात का? माझ्या पुढं दोनशे मीटरवर एकानं माझंच नाव लावून पाटी केली, वर ‘ओरिजिनल’ लिहिलं. खरा ओरिजिनल मी, अन् ते लिहिलं त्यानं!

भाची : तुम्ही नाव नोंदवलंय?

मामा : पाटी आहे की. पेंटरचं नावबी आहे खाली.

भाची : पुण्यात एक खटला झाला, तो ऐका. कॅम्पात एका इराणी जोडप्याचं ‘बर्गर किंग’ नावाचं हॉटेल, नव्वदच्या दशकापासूनचं. अमेरिकेतली बर्गर किंग ही मोठी कंपनी. जगात तिचं नाव १९५४ पासूनचं, पण भारतात पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. त्या कंपनीनं २०११ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला, की आमचं नाव वापरू नका आणि नुकसानभरपाई द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टानं दावा फेटाळला. पुणेकर इथं आधीपासून नाव वापरतायत, गिऱ्हाइकाची गल्लत झाल्याचा पुरावा नाही, असं म्हणून.

मामा : तेरा वर्षं? अन् तेरा वर्षांनी गरीब जिंकला?

भाची : गरीब म्हणू नका. जिंकला असंही इतक्यात म्हणू नका. कंपनी अपिलात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अपील निकाली निघेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला ते नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली.

मामा : एका बर्गरच्या पाटीसाठी जिल्हा, मुंबई अन् दिल्ली! मी या फाट्यावरून त्या ओरिजिनलवाल्याशी भांडायला मुंबईला गेलो तर इथं खिचडी कोण ढवळणार?

भाची : तुम्हाला मुंबईला जायचं नाही. ट्रेडमार्कचा अर्ज घरबसल्या होतो, एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला साडेचार हजार फी. आणि नोंदणी नसली तरी १९९९ च्या कायद्यात आधी वापरणाऱ्याला संरक्षण आहे. फक्त ‘आधी’ हे दाखवता आलं पाहिजे. जुनी बिलं, परवाना, जुन्या पाटीचा तारखेसह फोटो. तुमच्याकडं यातलं काय आहे?

मामा : माणसं आहेत सांगायला. अख्खा फाटा सांगेल.

भाची : फाटा साक्षीला यायला तयार होत नाही मामा. मी बोलावून पाहिलंय.

पाटीवरून मराठी पाट्यांचा विषय निघालाच. मामांची पाटी मराठीतच आहे. दुसरी करून वाचणार कोण, हा त्यांचा सवाल. २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही ठळक मराठी पाटी सक्तीची झाली. मुंबईतली किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना मराठी पाट्यांच्या सक्तीविरुद्ध आधीच उच्च न्यायालयात गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि वर पंचवीस हजारांचा खर्च बसला. संघटना दिल्लीला गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली. हे ऐकून मामा म्हणाले, “वकिलाला दिले ते पेंटरला द्यायचे होते.” न्यायमूर्तींनीही सुनावणीत साधारण हेच सुनावलं होतं.

मोठ्यांच्या खटल्यांतून कधी कधी लहानांच्या पदरातही काही पडतं. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं देता येईल का, यावर देशातल्या हॉटेलवाल्यांच्या महासंघानं भांडण केलं आणि १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. बसायची जागा, वाढपी, ताट-वाटी या सगळ्या सेवेसह दिलेली बाटली म्हणजे दुकानातली निव्वळ विक्री नव्हे. मामांना हे ऐकून नवल वाटलं. मग म्हणाले, वीसची बाटली पंचवीसला दिली तर ट्रकवाला निकाल वाचत बसणार नाही. उलट बिलात परस्पर ‘सर्व्हिस चार्ज’ लावायची मोठ्या हॉटेलांची रीत दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला बेकायदा ठरवली. मामांच्या गल्ल्यावर बडीशेपेच्या वाटीशेजारी सुटे पडलेले असतात, तेवढाच त्यांचा सर्व्हिस चार्ज.

मामा : आता माझं ऐक. रस्ता रुंद झाला तेव्हा माझं पहिलं शेड गेलं. जागा शेतकऱ्याची, मी भाड्यानं. त्याला जमिनीचा मोबदला मिळाला. माझं शेड, भट्टी, मोरी, सगळं उचकटून टाकलं. मला काय मिळालं? पंधरा दिवसांत उठ म्हणून सांगणं.

भाची : तुम्हाला मिळायला हवं होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम २८ बघा. मोबदला ठरवताना संपादनामुळं बुडालेली कमाई धरायची, आणि धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा वाजवी खर्चही धरायचा. मोबदल्याच्या या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनालाही लागू आहेत. जागेचे मालक नसलात तरी हितसंबंधित म्हणून अर्ज करता येतो.

मामा : अन् तेव्हा मला हे कोणी सांगितलं नाही.

भाची : वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. हरकतीला मुदत असते. पण अर्ज केला असता तरी तुम्ही काय जोडलं असतं? भाडेकरार नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला शेडची नोंद नाही. वीज मालकाच्या नावावर. सरकारच्या कागदांवर तुमचं हॉटेल तिथं कधी नव्हतंच.

मामा : आता मी सांगतो कामून नव्हतं. नमुना आठला नोंद करायला गेलो, तर म्हणे आधी एनए, म्हणजे जागा बिगरशेती केल्याचा कागद, दाखव. एनएला गेलो, तर म्हणे मालकाचं संमतीपत्र आण. मालकाला म्हणलं सही कर, तर तो म्हणतो, आज कागदावर घेतलं तर उद्या तू कूळ लागशील, मी सही करणार नाही. भाडं रोख घेतो, पावती देत नाही. आता सांग वकीलीणबाई, यात मी कोणता कायदा मोडला अन् कोणता पाळायचा राहिला?

भाचीकडे याला लगेच उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कोणाकडेच नसावं. मराठवाड्यात रस्त्याकडेचे कितीतरी धंदे अशा तोंडी भाड्यावर उभे आहेत. कूळकायद्यानं कसणाऱ्याला जमीन दिली हे खरं. त्याच कायद्याच्या आठवणीनं आजचा मालक चहाच्या टपरीवाल्यालाही कागद देत नाही. एक कागद दुसऱ्यावर अडतो, दुसरा तिसऱ्यावर, आणि तिसरा एका शेतकऱ्याच्या सत्तर वर्षांच्या जुन्या धास्तीवर. ‘कागद का केला नाहीस’ असं मामांना विचारणं सोपं आहे. सरकारनं तोंडी भाड्यावरच्या धंद्यांसाठी जमिनीच्या हक्काला हात न लावणारी एखादी साधी नोंद का सुरू केली नाही, हे विचारायला हवं.

भाची : सगळे कागद एनएवर अडत नाहीत. कामगार थोडे असतील तर २०१७ च्या कायद्यात परवाना घ्यायचा नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. गेल्या वर्षी एजंटानं ‘गुमास्ता’ म्हणून तुमच्याकडून पैसे घेतले ना, ते याच कामाचे. अन्नसुरक्षेची नोंदणी लहान धंद्याला वर्षाला शंभर रुपयांत होते. यातला एकही कागद तुम्हाला जमिनीचा मालक करत नाही. पण अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक माणूस हॉटेल चालवत होता, एवढं सरकारच्याच शिक्क्यानं सिद्ध होतं. पुढच्या वेळी रस्ता आला तर हाच कागद पुढं करायचा.

मामा : अन् तोवर त्याच कागदावरचा पत्ता वाचून तपासणीवाला येईल.

भाची : येईल.

मामा : आला होता. दीड महिना झाला असेल. हळद घेऊन गेला.

भाची : काय?

मामा : खिचडीतली हळद. डब्यातली भुकटी. चार पुड्या केल्या, लाख लावली, मला सही मागितली, मी केली. हळदीच्या जिल्ह्यात हळद तपासतात, मला हसूच आलं.

भाची : हसू नका. चार भाग का केले ठाऊक आहे? अन्नसुरक्षा कायद्याचं कलम ४७. एक भाग अन्न विश्लेषकाकडं जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं राहतात, आणि चौथा तुमच्या मागणीवरून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. तुम्ही मागणी केलीत?

मामा : चौथा माझ्यासाठी होता हेच मला आत्ता कळतंय.

भाची : हळद आणली कुठून?

मामा : वसमतकडच्या गिरणीतून. ओळखीचा माणूस आहे, वर्षानुवर्षं देतो. चोख हळद.

भाची : बिल?

मामा : ओळखीच्या माणसाकडून कोणी बिल घेतं का?

भाची : त्याच कायद्याच्या कलम २६ मध्ये विकणाऱ्याचं बिल हीच मालाची हमी धरतात. बिल असतं तर आपण म्हटलं असतं, माल जसा आला तसा वापरला, गिरणीवाल्याला विचारा. बिल नाही, म्हणजे त्या हळदीत काही निघालं तर ती तुमचीच. नुसती दर्जात कमी निघाली तरी पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खायला असुरक्षित निघाली तर प्रकरण फौजदारी.

मामा : वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये ते जीआयचं मानांकन मिळालं, पेपरात होतं. अन् माझ्या डब्यातल्या हळदीवर खटला?

भाची : मानांकन गावच्या हळदीला आहे, तुमच्या डब्याला नाही. डब्यातली हळद वसमतची आहे हे कशावरून? पुन्हा बिलावरच आलं. अहवाल आला का तो सांगा आधी.

मामांनी गल्ल्याखालचा खण ओढला. विजेची बिलं, दोन लग्नपत्रिका, एजंटानं दिलेली पावती आणि तळाशी एक न फोडलेलं रजिस्टर पाकीट. भाचीनं ते उघडून आधी तारीख पाहिली. अहवाल मिळून अकरा दिवस झाले होते. तिनं पाकिटावरचा टपालाचा शिक्का आणि आतलं पत्र, दोन्हींचे मोबाइलवर फोटो घेतले आणि मामांना दुसऱ्या दिवशी अकराला हिंगोलीला यायला सांगितलं.

अन्न विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल, तर कलम ४६ प्रमाणे तो मिळाल्यापासून तीस दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि नमुन्याचा राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे फेरतपासणीला जाऊ शकतो. हॉटेल, खानावळ, मेस, भेळीची गाडी, काहीही चालवत असाल तर टपालानं आलेलं पाकीट त्याच दिवशी फोडा, त्यावर मिळाल्याची तारीख लिहा, आणि नमुना घ्यायला कोणी आलं तर चौथ्या भागाची मागणी तिथल्या तिथे लेखी द्या.